वऱ्हाडी कापूस, विलायती बाजार : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाची आहेत. इंग्रजी अमलात वऱ्हाडातला शेतकरी परदेशी गिरण्यांसाठी कापूस पिकवू लागला, त्याने त्याचे भले झाले की वाटोळे, असा त्या सर्वांचा रोख आहे. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नात मिसळते, म्हणून ही सहा पत्रे एकत्र घेतली आहेत.

बंगालमध्ये निळीची सक्ती होती, हे शाळेत शिकलो आणि पुढे शिकवलेही. तशीच सक्ती वऱ्हाडात कापसाची होती का? (एक निवृत्त शिक्षक, अमरावती)

तशी सक्ती वऱ्हाडात नव्हती. बंगालमध्ये गोरे मळेवाले रयतेच्या गळ्यात उचल बांधून नीळ लावून घेत आणि त्याविरुद्ध १८५९-६० मध्ये रयत उठली. चंपारणमध्ये बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याचे बंधन होते, ते १९१७ च्या सत्याग्रहानंतर सुटले. जावा बेटावर डचांनी १८३० पासून गावाच्या जमिनीचा ठरावीक हिस्सा सरकारी निर्यात-पिकासाठी मागून घेतला होता. वऱ्हाडात ‘इतक्या एकरांत कपाशी पेर’ असे शेतकऱ्याला कोणी बजावले नाही.

कपाशी ही इंग्रजांनी आणलेली गोष्टही नव्हती. काळ्या कसदार जमिनीतले ते जुने पीक आहे. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. मुंबईच्या वाटेने मोठ्या प्रमाणावर माल नेण्याचा पहिला उद्योग विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने १८२५-२६ मध्ये सुमारे ५०० बैलांवर कापूस लादून केला. त्या वेळी वऱ्हाडावर निजामाचा अंमल होता. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी थकलेल्या रकमेसाठी कंपनी सरकारने १८५३ च्या तहाने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले आणि तेथून चित्र पालटले.

बदल झाला तो असा. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली, प्रत्येक सर्व्हे नंबरावर तीस वर्षांसाठी सारा ठरला, आणि तो रोख रुपयांत भरायचा होता. ज्वारी घरात खायला लागते आणि गावात तिचे फारसे रुपये होत नाहीत, तर कापूस खाता येत नाही पण त्याचे रुपये होतात. शेतकऱ्याने हा हिशेब केला आणि ज्वारी न सोडता कपाशी वाढवली. कपाशीच्या काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचे एक तास ठेवण्याची रीतही त्याने मोडली नाही. हा माणूस आंधळेपणाने एका पिकामागे धावला, असे जे सरसकट लिहिले जाते ते मला पटत नाही. काय पेरायचे हे ठरवणे बऱ्याच अंशी त्याच्या हाती होते. केव्हा विकायचे आणि कोणाला विकायचे, हे मात्र त्याच्या हातातून निसटत गेले, आणि या विषयातली खरी वेदना तिथे आहे.

आमच्या घरात अशी कथा चालत आली आहे की, एका काळी कापसाच्या पैशावर लोकांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या. यात तथ्य किती? (एक वाचक, जळगाव)

ही कथा खानदेशापासून नागपूरपर्यंत सर्वत्र सांगितली जाते आणि ती त्या काळच्या इंग्रजी लेखनातही आढळते, तेव्हा ती तुमच्या घरची कल्पना नव्हे. चाकाला खरोखर चांदीची धाव बसवणारे कितीसे असतील, हा भाग वेगळा. तिच्यामागचा काळ मात्र अगदी खरा आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना येणारा कापूस थांबला. तोवर इंग्लंडच्या गरजेपैकी पाचांत चार हिस्से कापूस अमेरिकेतून येत असे. गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या आणि तीन वर्षांत लिव्हरपूलमध्ये हिंदी कापसाचा भाव चौपटीच्या घरात गेला. तेजीच्या पाच वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे ८ कोटी पौंड जास्त मुंबईत आले, असा अंदाज नेहमी दिला जातो.

यातला मोठा ओघ मुंबईतच जिरला. प्रेमचंद रायचंद या दलालाच्या काळचे शेअरबाजाराचे वेड, मुंबईलगतचा बॅक बे हा समुद्र भरून काढण्याच्या कंपन्या आणि जुलै १८६५ मधली पडझड, हे सर्व त्याच पैशाचे खेळ होते. शेतकऱ्यापर्यंतही काही पैसा आला, हे नाकारण्याचे कारण नाही. त्याने लग्ने केली, चांदी घेतली, बैल घेतले. पण या तेजीने त्याला सर्वांत जास्त जे दिले ते म्हणजे पत. भाव चढा असल्याने सावकार मागेल तितके देऊ लागला आणि त्या कर्जाचे आकडे तेजीच्या भावावर बेतलेले होते. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परतला, भाव कोसळला, कर्जाचा आकडा मात्र जिथल्या तिथे राहिला. पुणे व नगर जिल्ह्यांत १२ मे १८७५ रोजी सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरी जाऊन कर्जरोखे मागितले आणि जाळले. त्या भागात कापसाचे पीक वऱ्हाडाइतके नव्हते, तरी तेजीच्या काळात फुगलेली पत आणि नंतरची मंदी हे त्या दंग्यांचे एक कारण मानले गेले. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला.

याच तेजीत एक समाज होरपळला, त्याची आठवण कोणी काढत नाही. सुताचे भाव इतके चढले की गावोगावचे विणकर बसून राहिले. कोष्टी आणि जाडेभरडे कापड विणणारे महार यांच्या घरातले माग आधीच विलायती कापडाने अडचणीत आणले होते. आता घरच्या अंगणातला कापूसच त्यांना परवडेना.

शेतापासून लिव्हरपूलपर्यंतच्या वाटेवर पैसे नेमके कोणी कमावले? शेतकरी बाजारात का फसत असे? (एक वाचक, अकोट)

या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागेल.

मृगात किंवा त्यानंतर पेरणीच्या वेळी शेतकऱ्याच्या घरात रोख नसे. बियाणे, मजुरी आणि वर्षाचे खाणे यांसाठी तो सावकाराकडून उचल घेई, धान्य घेतले तर सवाई-दिढीने, म्हणजे सव्वापट किंवा दीडपट, परत करी. दिवाळीच्या आगेमागे बोंडे फुटत. वेचणीचा पहिला दिवस आजही अनेक गावांत सीतादहीचा असतो. बायका कपाशीच्या झाडापाशी दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग ओटीत पहिली वेचणी घेतात. हा नैवेद्य मांडला जात असताना त्या शेतातला कापूस बहुतेक वेळा आधीच कोणाच्या तरी नावावर झालेला असे. उचलीची अट अशी की माल याच सावकाराला किंवा त्याच्याच अडत्याकडे घालायचा. शिवाय साऱ्याचा हप्ता मान वर काढू देत नसे. सगळ्यांनाच एकाच वेळी विकणे भाग पडले की भाव पडणारच, आणि ज्याच्याकडे माल धरून ठेवण्याची ऐपत होती त्याला चढता भाव मिळे.

ज्याच्यावर उचल नव्हती तो गाडी जुंपून खामगाव, अकोला, अमरावती अशा बाजाराला जाई. तेथे दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांच्या बोटांना स्पर्श करून भाव ठरवीत. ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी शेजारी उभा असे आणि त्याला तो भाव ऐकू येत नसे, दिसत नसे. भाव ठरल्यावर अडत, दलाली, हमाली, तोलाई, धर्मादाय अशी कपात होई. जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, गाडी खाली करताना ‘माल ओला आहे’, ‘कचरा आहे’ असे सांगून ठरलेला भाव पुन्हा पाडण्याची चालही होती. रात्रभर चालून आलेले बैल, परतीची ओढ आणि अर्धी रिकामी झालेली गाडी, अशा वेळी नाही म्हणणे किती अवघड असते, हे ज्याने बाजार पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

त्यापुढे रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी बांधल्या जात. मुंबईची गाठ ३९२ पौंडांची आणि अशा दोन गाठींची एक खंडी. रेल्वेने त्या कुलाब्याच्या कापूस बाजारात जात. हा बाजार पुढे शिवडीकडे हलला आणि तिथल्या स्थानकाला आजही कॉटन ग्रीन हेच नाव आहे. रॅली ब्रदर्स, फोलकार्ट ब्रदर्स अशा युरोपीय पेढ्या आणि पुढे जपानी कंपन्या हा कापूस विकत घेऊन जहाजात भरत. १८६९ मध्ये सुएझचा कालवा आणि पाठोपाठ समुद्री तार आल्यावर लिव्हरपूलचा भाव मुंबईला आणि तेथून खामगावच्या पेढीवर त्याच दिवशी कळू लागला. शेतकऱ्याला तो कळत नव्हता. या वाटेवरचा नफा मला तरी मुख्यतः या एका फरकात दिसतो, कारण पलीकडच्या किनाऱ्यावरचा भाव जाणणारा आणि न जाणणारा असे दोघे एका रुमालापाशी उभे होते.

सरकारला हे माहीत नव्हते असे नाही. कारंजा येथे १८८६ मध्ये नियमांखाली चालणारा कापूस बाजार सुरू झाला, तो देशातला असा पहिला बाजार मानला जातो. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची मुळे तिथे आहेत, याचा वऱ्हाडने अभिमान बाळगायला हरकत नाही. मात्र त्या समित्यांवर व्यापाऱ्यांचेच वर्चस्व राहिले आणि पिकवणाऱ्याला तेथे पुरेशी जागा नाही, हे वैगुण्य १९२८ च्या शाही कृषी आयोगाच्याही नजरेतून सुटले नाही.

शकुंतला रेल्वे खरोखर कापसासाठीच बांधली होती का? (एक विद्यार्थिनी, यवतमाळ)

होय. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूर असा हा अरुंद रुळांचा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी एका खाजगी ब्रिटिश कंपनीने उभारला तो मुख्यतः कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या मार्गापर्यंत आणण्यासाठी. मोठा मार्ग म्हणजे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेली भुसावळ-नागपूर रेल्वे. खामगावच्या कापसासाठी जलंबहून काढलेला छोटा फाटा याहून जुना आहे. त्याच्या उद्घाटनाला १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते, यावरून त्या काळी खामगावच्या बाजाराला किती वजन होते ते कळेल. शकुंतलेवर वाफेचे इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत धावत होते.

हिंगणघाटची ‘बनी’ कपाशी लांब धाग्याची आणि नावाजलेली होती, असे वाचले. मग आपल्या शेतकऱ्यांनी ती टाकून आखूड धाग्याची वाणे का लावली? हा अडाणीपणाच नव्हे का? (एक वाचक, वर्धा)

अडाणीपणा हा शब्द त्या काळच्या अहवालांतून आपल्याकडे आलेला आहे, आणि तो आपण तरी वापरू नये अशी माझी विनंती आहे. लँकेशायरच्या यंत्रांना लांब आणि बारीक धागा हवा होता. त्यासाठी कंपनी सरकारने १८४० च्या सुमारास अमेरिकेतून मळेवाले आणले. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमला गेला आणि त्या पदावर हॅरी रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने बियाणे बदलण्यासाठी बरीच खटपट केली. तरीही शेतकरी ‘जरी’ आणि पुढे ‘रोझियम’ या आखूड धाग्याच्या, भरड वाणांकडेच वळला.

त्याचे गणित साधे होते. बनीच्या कापसातून रुई निघे ती वजनाच्या पाव हिस्स्याच्या आसपास, तर रोझियममधून ती चाळीस टक्क्यांच्या जवळ. ‘जरी’ वाण लवकर येई आणि कमी-जास्त पाऊस सोशी, बनीला लांब मुदत लागे आणि तिचे उत्पन्नही कमी. लांब धाग्यासाठी व्यापारी जो चार पैशांचा वाढावा देई, तो ही तूट भरून काढण्याइतका नसे, आणि गावच्या सौद्यात तर तोही मिळत नसे. चांगला आणि भरड माल एकाच ढिगात पडत असताना चांगला पिकवणाऱ्याने तोटा का सोसावा? शिवाय भरड रुईला गिऱ्हाईक होते. मुंबईच्या गिरण्या चीनसाठी जाडे सूत कातत होत्या आणि १८९० नंतर जपानच्या गिरण्यांनाही तोच माल हवा होता.

बियाण्याची शुद्धता बिघडण्याचे आणखी एक कारण वाफेच्या जिनांत सापडते. पूर्वी घरी किंवा गावात रेच्यावर, म्हणजे हाताने फिरवायच्या चरकावर, सरकी काढली जाई आणि शेतकरी आपल्याच शेतातल्या चांगल्या झाडांची सरकी बियाण्याला राखून ठेवी. जिनात दहा गावांचा कापूस एकत्र पडला की बाहेर येणारी सरकी सरमिसळच असणार. ती सरकी पुन्हा शेतात पेरली जाई.

आखूड धाग्याची किंमत पुढे मोजावी लागली, हेही सांगितले पाहिजे. १९३३ मध्ये जपानने हिंदी कापूस घेणे बंद केले आणि १९३४ च्या करारात जपानी कापडाच्या आयातीशी कापसाची खरेदी जोडली गेली. खरेदीदार एकच मोठा असला की त्याच्या एका निर्णयाने वऱ्हाडातल्या बाजाराचे पाय लटपटत. त्याआधीच १९२९ नंतरच्या मंदीने भाव पडले होते आणि कर्जे इतकी वाढली होती की मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३३ चा कर्ज-तडजोड कायदा करावा लागला. पंजाबराव देशमुख त्या वेळी प्रांताचे मंत्री होते आणि या कायद्यासाठी त्यांनी जोर लावला.

वऱ्हाड सधन होते, मग १८९९-१९०० च्या दुष्काळात तेथे इतकी माणसे कशी दगावली? कापसामुळे दुष्काळ पडला, असे म्हणता येईल का? माझ्या पणजोबांचे दोन भाऊ त्या वर्षी गेले, एवढेच आम्हाला ठाऊक आहे. त्यांची नोंद कुठे मिळेल? (एक वाचक, दर्यापूर)

दुष्काळ पाऊस न पडल्याने आला आणि तो केवळ वऱ्हाडात नव्हता. पण पाऊस गेल्यावर माणसे किती आणि कोणती मरतात, हे पावसावर ठरत नाही, आणि इथे कापसाच्या अर्थव्यवस्थेचा संबंध येतो. १८९६-९७ च्या दुष्काळाने लोक आधीच खंगलेले होते. पहिल्या बंदोबस्ताची, म्हणजे सारा ठरवून दिल्याची, तीस वर्षे सरल्यावर साराही वाढवण्यात आला होता. अशात १८९९ चा पावसाळा कोरडा गेला.

जुन्या वऱ्हाडी गावांत ज्वारीची पेवे असत. जमिनीत खोल खणलेल्या, आतून कडब्याने मढवलेल्या त्या खड्ड्यांत ज्वारी वर्षानुवर्षे राहत असे, आणि एक वर्ष पीक बुडाले तरी गाव पेव उघडून जगे. रोखीचा व्यवहार आणि रेल्वे आल्यावर धान्य भाव येईल तिकडे जाऊ लागले आणि पेवे रिकामी होत गेली. गुरांचेही तेच झाले. ज्वारीबरोबर कडबा मिळतो, पण कपाशीची पऱ्हाटी चुलीत जाते, बैलाच्या पोटात जात नाही. घरच्या रेच्यावरची सरकी तरी पूर्वी गोठ्यात राहत असे, ती आता जिनात जाऊन तेथूनच विकली जात होती. त्यामुळे दुष्काळात बैल आधी गेले आणि ज्याचे बैल गेले त्याची पुढच्या वर्षाची पेरणीही गेली.

सर्वांत जास्त मेले ते जमीन नसलेले. कापसाच्या भरभराटीत वऱ्हाडात वेचणी, निंदणी, जिन यांवर जगणारा मोठा मजूरवर्ग तयार झाला होता. बोंडच आले नाही तर वेचणी नाही, वेचणी नाही तर मजुरी नाही. रेल्वेने धान्य बाहेरून येत होते, पण ते विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. सरकारी कामांवर खडी फोडून मिळणारी मजुरी तुटपुंजी होती, आणि छावण्यांत पटकी व हगवण यांनी उरलेले काम केले. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत सुमारे २९ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. लोकसंख्या वाढायची त्या दहा वर्षांत ती घटली. म्हणून कापसामुळे दुष्काळ पडला असे मी म्हणणार नाही. संकट सोसण्यासाठी गावाजवळ जे पेव, जो कडबा आणि जी फुरसत होती, ती विलायतेच्या बाजाराने आणि रोख साऱ्याने काढून घेतली, असे मात्र ठामपणे म्हणेन. वऱ्हाडच्या महसुलातून कंटिंजंट फौजेचा खर्च भागत आला होता, आणि दुष्काळाला तीन वर्षेही झाली नसताना १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये निजामाला देण्याच्या बोलीवर वऱ्हाड कायमचे भाडेपट्ट्याने घेण्यात आले. त्या व्यवहारात इथल्या रयतेला कोणी काही विचारले नाही.

तुमच्या पणजोबांच्या भावांविषयी : गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात असत आणि जिथे त्या शिल्लक आहेत तिथे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्यांची नक्कल मागता येते. जुनी पाने मोडी लिपीत असण्याची शक्यता आहे, तेव्हा मोडी वाचणारे कोणी सोबत असलेले बरे. अर्जात गावाचे जुने नाव, त्या काळचा तालुका आणि ठाऊक असल्यास आडनावाआधीचे घराण्याचे नाव लिहा. शेताचा जुना सर्व्हे नंबर माहीत असेल तर तोही लिहा, कारण जमिनीचे जुने अभिलेख त्याच नंबराने सापडतात, आणि दुष्काळानंतर ती जमीन कोणाच्या नावावर गेली हे त्यांतून कळू शकेल.